व्हॅम्पायरला ‘नाही’ म्हणणारी मुलगी

जॉन पोलिडोरी या तरुण डॉक्टरची ‘द व्हॅम्पायर’ ही कथा लंडनच्या ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये १ एप्रिल १८१९ रोजी छापून आली, तीही लॉर्ड बायरनच्या नावावर. लॉर्ड रुथवेन हा इंग्रजी गद्यातला पहिला खानदानी व्हॅम्पायर या कथेत भेटतो. कथेचा सगळा डोलारा एका शपथेवर उभा आहे. रुथवेनचे गुन्हे आणि त्याचा मृत्यू एक वर्ष आणि एक दिवस कुणालाही सांगायचा नाही, अशी शपथ ऑब्रे हा तरुण घेतो. मेलेला रुथवेन लंडनमध्ये पुन्हा हिंडूफिरू लागतो, ऑब्रेच्याच बहिणीशी लग्न ठरवतो आणि शपथेत अडकलेल्या भावाला तिला वेळेवर सावध करता येत नाही. लग्न लागतं आणि बहीण मरते. या बहिणीने त्या माणसात काय पाहिलं, त्याला काय विचारलं, कशाच्या भरवशावर होकार दिला, यातलं काहीही पोलिडोरी सांगत नाही, कारण त्याला ते सांगण्याजोगं वाटतच नाही. व्हॅम्पायरकथेच्या पायातच असं एका मुलीचं मौन पुरलेलं आहे. पुढच्या दोनशे वर्षांत या कथाप्रकाराने कितीतरी रूपं बदलली, पण ज्या मुलीच्या मानेवर सगळ्यांची नजर असते तिला स्वतःला काय वाटतं हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. किशोरवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या विनोदी व्हॅम्पायर-प्रेमकथांनी तो मनापासून विचारला, असं माझं मत आहे. या कादंबऱ्यांमधला विनोद भीती सौम्य करण्यासाठी वरून भुरभुरलेला नसतो. बलाढ्य, श्रीमंत, देखण्या आणि धोकादायक माणसाची मागणी तपासून पाहण्याचं, गरज पडली तर ती नाकारण्याचं नायिकेच्या हातातलं ते साधन असतं.

हे मत ज्या कादंबरीच्या आधारे मला मांडायचं आहे ती म्हणजे बेथ फॅन्टास्की या अमेरिकन लेखिकेची ‘जेसिकाज गाइड टू डेटिंग ऑन द डार्क साइड’. ती २००९ साली आली. ‘ट्वायलाइट’ मालिकेचा शेवटचा भाग २००८चा, म्हणजे त्या लाटेच्या अगदी माथ्यावर. जेसिका पॅकवुड ही पेनसिल्वेनियाच्या ग्रामीण भागात राहणारी, बारावीच्या उंबरठ्यावरची मुलगी. तिला दत्तक घेणारे आईवडील कट्टर शाकाहारी, दूधदुभतंसुद्धा वर्ज्य मानणारे. आई मानववंशशास्त्राची अभ्यासक आहे आणि रुमेनियात संशोधन करत असतानाच हे तान्हं मूल तिच्या पदरात आलेलं आहे. जेसिका गणितात हुशार आहे, स्पर्धांच्या संघात आहे, आणि जे सिद्ध करता येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा नाही अशा वृत्तीची आहे. एका सकाळी धुक्यात शाळेच्या बसची वाट पाहत असताना लांब काळा कोट घातलेला एक उंच मुलगा तिला तिच्या जन्मनावाने, अंतानासिया म्हणून, हाक मारतो. हा लूशियस व्लादेस्कू. तो विद्यार्थी-विनिमय योजनेच्या नावाखाली आला आहे आणि जेसिकाच्याच घराच्या आवारात राहणार आहे. त्याचं म्हणणं असं की ती व्हॅम्पायरांच्या द्रागोमिर घराण्याची राजकन्या आहे, तो व्लादेस्कू घराण्याचा राजपुत्र आहे, आणि दोघं तान्ही असतानाच दोन वैरी घराण्यांनी करार करून त्यांचं लग्न ठरवून टाकलेलं आहे. तो करार पाळला नाही तर युद्ध होईल. लूशियसच्या डोक्यात हे सगळं इतकं पक्कं आहे की मुलीची संमती विचारायला हवी हे त्याला सुचतही नाही. जेसिका त्याला वेड्यात काढते. पुस्तकाचा पुढचा बराचसा भाग तिच्या या एका प्रतिसादातून उलगडत जातो.

फॅन्टास्कीने कादंबरीची बांधणी फार विचारपूर्वक केलेली आहे. मुख्य निवेदन जेसिकाचं आहे, आणि अधूनमधून लूशियसने रुमेनियातल्या आपल्या वासिले काकांना लिहिलेली पत्रं येतात. या पत्रांत तो अमेरिकन शाळा, बास्केटबॉल, इथल्या मुलामुलींचं वागणं आणि विशेषतः पॅकवुडांच्या घरातल्या मसूरडाळीच्या जेवणाबद्दल राजेशाही थाटात तक्रारी करतो. ज्यांनी ब्रॅम स्टोकरची १८९७ची ‘ड्रॅक्युला’ वाचली आहे त्यांना या पत्रांची मूळ जागा लगेच ओळखू येईल. स्टोकरची कादंबरी जोनाथन हार्करच्या दैनंदिनीने सुरू होते. एक्सेटरचा हा वकील पूर्वेकडे निघालेला आहे, आगगाड्या उशिरा धावतात म्हणून कुरकुरतो आहे, पाप्रिका घातलेली कोंबडी खाऊन तिची पाककृती मीनासाठी न्यायची असं टिपून ठेवतो आहे, आणि स्थानिक लोकांच्या समजुतींकडे वरून पाहतो आहे. फॅन्टास्कीने ही दुर्बीण उलटी धरली. आता पूर्वेकडचा सरदार पश्चिमेकडे आला आहे, तिथलं अन्न त्याच्या घशाखाली उतरत नाही, तिथल्या चालीरीती त्याला रानटी वाटतात, आणि त्याची पत्रं वाचताना वाचक त्याच्या ऐटीला हसतो. या हसण्यात एक महत्त्वाची गोष्ट घडते. स्टोकरच्या कादंबरीत डायऱ्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रांची कात्रणं सगळं आहे, पण स्वतः काउंटची बाजू सांगणारी दैनंदिनी कुठेच नाही; तो कायम दुसऱ्यांच्या कागदांतून दिसतो आणि म्हणून गूढ राहतो. लूशियस मात्र लिहितो, रागावतो, खोटं बोलतो, स्वतःची समजूत घालतो. त्याच्या पत्रातला दिमाख आणि जेसिकाच्या प्रकरणात दिसणारं त्याचं प्रत्यक्ष वागणं यांत अंतर आहे, आणि ते मोजायला वाचकाला दिलेली मोजपट्टी जेसिकाच्या हातात आहे. ज्याची ऐट आपल्याला दिसते त्याच्यापुढे आपण भारावून जात नाही. जेसिकाही भारावत नाही, निदान लवकर नाही.

‘ड्रॅक्युला’त हसू नाही असं मुळीच नाही, पण ते कोणाला परवडतं हे पाहण्यासारखं आहे. लूसी वेस्टेनराला एकाच दिवसात तीन मागण्या येतात आणि ती मैत्रिणीला, मीनाला, लिहिलेल्या पत्रात त्यावर खेळकरपणे बोलते. तिघांशीही लग्न करता आलं तर किती बरं, असा लाडिक विचारही करून पाहते. तरुण मुलीने लग्नाच्या बाजाराकडे थोड्या अंतरावरून, गंमतीने पाहण्याचा असा प्रसंग कादंबरीत पुन्हा येत नाही. पुढे लूसीच काउंटची पहिली शिकार होते, व्हॅम्पायर होते, आणि ज्याला तिने होकार दिला त्या आर्थरच्याच हातून तिच्या छातीत लाकडी मेख ठोकली जाते. त्यानंतर हसतात त्या किल्ल्यातल्या पिशाच्च-स्त्रिया, आणि त्यांचं हसू अंगावर काटा आणण्यासाठी आहे. मोकळेपणाने हसण्याची मुभा आहे ती प्राध्यापक व्हॅन हेल्सिंगला. लूसीच्या अंत्यविधीनंतर गाडीत बसल्यावर त्याला हसू अनावर होतं, आणि हसू माणसावर राजासारखं चालून येतं या अर्थाचं भलंमोठं भाषण तो करतो. मीनाची गोष्ट याहून बोलकी आहे. ती लघुलेखन जाणते, टंकलेखन करते, सगळ्यांचे कागद एकत्र लावून काउंटच्या हालचालींचा माग तीच स्पष्ट करते. पण ऐन लढाईच्या वेळी पुरुषमंडळी ठरवतात की तिला आता यातलं काही सांगायचं नाही, तिच्या जिवाला ते झेपायचं नाही. काउंट तिच्यावर हल्ला करतो तो याच काळात. स्टोकरला हे कळत होतं, असं मला वाटतं. तिला अंधारात ठेवणं ही घोडचूक होती हे कथानकच सांगतं. तरीही त्याच्या काळाच्या चौकटीत मीनाला कामाची हुशारी मिळाली, थट्टेची मुभा मिळाली नाही. शेरिडन ल फानूची ‘कार्मिला’ (१८७१-७२) स्टोकरच्या आधीची, आणि तिथे तर निवेदनच लॉरा या तरुणीचं आहे, हे इथे सांगायला हवं. नुसती गोष्ट मुलीच्या तोंडी दिली की काम भागतं का, याचं उत्तर ‘कार्मिला’त मिळतं. लॉरा सांगते खूप, पण आपल्यावर काय गुदरतं आहे हे तिला डॉक्टर आणि वडील सांगत नाहीत, आणि शेवटचा निवाडा पुरुषच करतात. जे घडतं आहे त्याच्याकडे चिकित्सेने पाहण्याइतकं अंतर तिच्या आवाजात नाही. हेच अंतर विनोद देतो.

आता ‘ट्वायलाइट’कडे वळावं लागेल, कारण स्टेफनी मायरच्या २००५च्या या कादंबरीशिवाय फॅन्टास्कीची कादंबरी समजत नाही. बेला स्वानही प्रथमपुरुषी निवेदन करते, तीही स्वतःच्या धडपडेपणावर बोलते, आणि लाखो मुलींना तिच्यात स्वतःचं एकटेपण सापडलं. त्या वाचकांची टवाळी करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण एडवर्ड कलन समोर आला की बेलाची चिकित्सा थांबते. तो १९०१ साली जन्मलेला, १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता व्हॅम्पायर झालेला, म्हणजे सतरा वर्षांच्या देहातला शंभरीपार माणूस. ती झोपलेली असताना तो तिच्या खोलीत येऊन तिला पाहत बसतो, आणि हे कळल्यावर तिला भीती वाटत नाही, उलट आपण झोपेत काय बोललो असू याचा संकोच वाटतो. प्रेमाची तीव्रता आणि पाळत यांतली सीमारेषा त्या कादंबरीत पुसट आहे, आणि ती पुसट राहते याचं एक मोठं कारण असं की एडवर्डला हसणं बेलाला सुचत नाही. २००९ सालीच ‘हार्वर्ड लॅम्पून’ या विद्यार्थी-मासिकाच्या मंडळींनी ‘नाइटलाइट’ नावाचं ‘ट्वायलाइट’चं विडंबन काढलं. ते मजेदार आहे, पण विडंबन बाहेर उभं राहून हसतं. नायिकेच्या जागी उभं राहून तिला काय करता येईल याचा विचार करणं हा त्याचा उद्योग नव्हे. फॅन्टास्की प्रेमकथेच्या आत राहून हसते, आणि हे काम अधिक अवघड आहे, कारण वाचकाला नायकाच्या प्रेमातही पाडायचं आहे आणि त्याच्याबद्दल सावधही ठेवायचं आहे. त्यासाठी तिने केलेला एक बदल मला फार मोलाचा वाटतो. तिचे व्हॅम्पायर जन्मजात आहेत, चावून तयार झालेले नाहीत, त्यामुळे लूशियस खरोखरच जेसिकाच्या वयाचा आहे. शतकभराचा अनुभव गाठीशी असलेला पुरुष आणि शाळकरी मुलगी हे विषम समीकरण तिने मुळातूनच काढून टाकलं. जेसिकाला त्याच्यावर रागावता येतं, त्याला टाकून बोलता येतं, कारण तोही तिच्याइतकाच कच्चा आहे. घरच्यांनी कडक शिस्तीत वाढवून त्याच्या अंगावर राजपुत्राचा अंगरखा चढवला आहे इतकंच.

ज्येष्ठ वर आणि कोवळी वधू हा प्रश्न मराठी वाचकाला व्हॅम्पायरांकडून शिकायला नको. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९चं, म्हणजे ‘ड्रॅक्युला’हून दोनच वर्षांनी धाकटं. भुजंगनाथ हा म्हातारा, पैशाच्या बळावर कांचनभटाच्या लेकीशी लग्न करायला निघालेला. आणि देवलांनी त्याला रंगमंचावर पुरता हास्यास्पद करून सोडलं. त्या हास्याने जरठकुमारी विवाहाची लाज समाजाला जितकी वाटली तितकी ती रडव्या उपदेशाने वाटली असती का, याविषयी मला शंका आहे. पण ‘शारदे’त म्हाताऱ्याची थट्टा करतात त्या तिच्या मैत्रिणी, शारदेच्या स्वतःच्या वाट्याला भीती आणि शोकच येतो. फॅन्टास्कीच्या कादंबरीत थट्टेचा अधिकार मैत्रिणींकडून खुद्द नियोजित वधूकडे आला आहे. आणि लहानपणी झालेला करार मोठेपणी नाकारणारी मुलगी म्हटली की मराठी माणसाला रखमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याच्या घरी नांदायला जायचं नाकारलं. त्यांचा नवरा दादाजी भिकाजी याने १८८४ साली मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा असं फर्मावल्यावर रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. अजाण वयात दुसऱ्यांनी लावून दिलेलं नातं आपल्यावर बंधनकारक का मानायचं, हा त्यांचा प्रश्न होता. जेसिकाचा प्रश्न तोच आहे. फॅन्टास्कीला रखमाबाई माहीत असण्याची गरज नाही, पण मराठी वाचकाने हा प्रश्न ओळखीचा म्हणून वाचला तर त्याला कादंबरीतली गंमत अधिक खोल लागेल. मैत्रिणींच्या थट्टेवरून आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करायला हवा. जस्टिन लार्बालेस्टिअर आणि सारा रीस ब्रेनन यांची ‘टीम ह्यूमन’ (२०१२) ही कादंबरी प्रेमात पडलेल्या मुलीची मैत्रीण मेल सांगते. जिवलग मैत्रीण व्हॅम्पायरवर भाळली आहे, स्वतःही व्हॅम्पायर व्हायला निघाली आहे, आणि मेल तिला परावृत्त करण्यासाठी जंग जंग पछाडते. त्या जगात व्हॅम्पायर झालेला माणूस हसण्याची क्षमता गमावून बसतो. अमरत्वाची याहून अचूक किंमत मला दुसऱ्या कुठल्या व्हॅम्पायरकथेत आढळलेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो भयकथेच्या चाहत्यांचा आहे: व्हॅम्पायरला हसलं की तो मेला, भीती गेली की या कथेत उरतंच काय? इतिहास याच्या उलट साक्ष देतो. पोलिडोरीच्या कथेला वर्ष उलटल्यावर लगेच, १८२० साली, पॅरिसमध्ये शार्ल नोदिए यांचं व्हॅम्पायरवरचं नाटक गाजलं आणि त्याच साली स्क्रीब यांचं विनोदी संगीतकही रंगभूमीवर आलं. त्याच वर्षी लंडनच्या लायसियममध्ये प्लांशे यांचं नाटक लागलं. नट क्षणात गडप व्हावा म्हणून त्यासाठी रंगमंचात खास झडप बसवली होती. ती पुढे व्हॅम्पायर ट्रॅप याच नावाने ओळखली गेली. थोडक्यात, व्हॅम्पायर आणि त्याचा विनोद जवळजवळ एकाच वेळी जन्मले, आणि विनोदाने व्हॅम्पायर मेला असता तर स्टोकरपर्यंत पोचलाच नसता. दुसरी साक्ष जेन ऑस्टेनची. ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’ तिच्या मृत्यूनंतर डिसेंबर १८१७मध्ये आली. भयकादंबऱ्या वाचून डोकं भरलेल्या कॅथरीन मोरलंडला वाटतं की जनरल टिल्नीने बायकोचा खून केला असावा. ऑस्टेन तिच्या या कल्पनेला हसते. पण जनरल निर्दोष ठरून गोष्ट संपत नाही. मुलगी आपल्याला वाटली तेवढी श्रीमंत नाही हे कळताच तोच माणूस तिला एकटीला, कुणी सोबत न देता, घराबाहेर काढतो. हसण्याने धोका नाहीसा झाला नाही, तो खरा कुठे होता ते दिसलं. फॅन्टास्कीची रीत हीच आहे. सुळे, काळा कोट, रक्त यांच्याशी ती खेळते; पण घराण्यांचा करार, सत्तेसाठी लहान मुलांचा वापर, मारहाणीने घडवलेला मुलगा आणि परक्या माणसाविरुद्ध हातात लाकडी मेखा घेऊन निघणारे गावकरी, या गोष्टींशी ती खेळत नाही. उत्तरार्धात कादंबरी गंभीर होत जाते ती याच मुद्द्यांवर.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मी टाळणार नाही. जेसिका इतके दिवस नाही नाही म्हणते, पण ही प्रेमकथा आहे, तेव्हा शेवट कुठे जाणार हे वाचकाला पहिल्या पानावरच ठाऊक असतं. मग तिचा नकार म्हणजे होकाराला लावलेला विलंबच नाही का? मुलीच्या ‘नाही’त ‘हो’ दडलेलं असतं, हा हिंदी-मराठी सिनेमांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलेला घातक समज ही कादंबरी पुन्हा पक्का करत नाही का? माझं उत्तर असं की नकार आणि होकार यांच्या मध्ये काय घडतं यावर सगळं अवलंबून आहे. जेसिका लूशियसच्या आग्रहाने वितळत नाही. उलट एका टप्प्यावर आग्रह तोच सोडतो, तिच्यापासून दूर जातो, आणि पुढचं पाऊल तिला स्वतःच्या माहितीवर, स्वतःच्या जोखमीवर उचलावं लागतं. ती रुमेनियाला जाते ती कुणी ओढून नेतं म्हणून नाही. जो होकार तिने शेवटी दिला तो मूळच्या कराराला दिलेला होकार राहत नाही, कारण मधल्या काळात माणूसही बदलला आहे आणि अटीही. तरीही एक ठिकाण मला खुपतं. सुरुवातीला जेसिकाचं बळ तिच्या गणितात, तिच्या शंकेखोर डोक्यात आणि शेतघरातल्या संगोपनात आहे. शेवटाकडे येता येता तिचं मोल तिच्या रक्तात, तिच्या राजघराण्यात सापडतं. आपल्या बांध्याविषयी संकोचणाऱ्या या मुलीला तिचं रूप सुंदर असल्याची ग्वाहीसुद्धा आधी राजपुत्राकडून मिळते. ज्या मुलीने वंशाच्या करारावर बोट ठेवलं तिलाच वंशाने प्रतिष्ठा द्यावी, ही कादंबरीतली खरी विसंगती आहे आणि विनोद ती झाकू शकत नाही. एलन श्रायबरच्या ‘व्हॅम्पायर किसेस’मधली (२००३) रेव्हन मॅडिसन याबाबतीत अधिक मोकळी वाटते. तिला राजघराणं नाही. कंटाळवाण्या गावात काळे कपडे घालून हिंडणारी, व्हॅम्पायर व्हायची हौस असलेली ती एक साधी मुलगी आहे. पण रेव्हनला नकाराची लढाई लढावी लागत नाही, आणि म्हणूनच तिची गोष्ट हलकी राहते.

रुमेनियाच्या चित्रणाबद्दलची तक्रार मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. स्टोकर ट्रान्सिल्व्हेनियात कधीच गेला नव्हता. ड्रॅक्युला हे नाव त्याला १८९०च्या उन्हाळ्यात व्हिटबीच्या वाचनालयात विल्यम विल्किन्सनच्या एका पुस्तकात सापडलं. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा हंगेरीच्या राज्यात होता आणि रुमेनियात आला तो पहिल्या महायुद्धानंतर. युरोपभर गाजलेली व्हॅम्पायरांची प्रकरणं तर मुख्यतः ऑस्ट्रियन अमलाखालच्या सर्बियातली. १७३२ सालचा फ्ल्युकिंगर या लष्करी शल्यचिकित्सकाचा अहवाल तिथल्याच एका खेड्यातून व्हिएन्नाला गेला, आणि १७५५ साली सम्राज्ञी मारिया तेरेसाने गेरार्ड व्हान स्वीटन या आपल्या वैद्याचा सल्ला घेऊन प्रेतं उकरण्याच्या आणि जाळण्याच्या प्रकारांवर बंदी घातली. मेलेला माणूस का फुगतो, त्याच्या तोंडाशी रक्त का दिसतं, साथीच्या रोगात एका घरातली माणसं पाठोपाठ का जातात, याचं ज्ञान नसलेल्या घाबरलेल्या लोकांची ती करुण कहाणी आहे. फॅन्टास्कीचा रुमेनिया या इतिहासातून आलेला नाही, हॉलिवुडच्या पडद्यावरून आलेला आहे: किल्ले, कडे, वैर असलेली घराणी. अमेरिकेकडे परक्याच्या नजरेने पाहणारी पत्रं लिहिणाऱ्या लेखिकेने परक्या देशाकडे पाहताना तेवढीच चिकित्सा वापरायला हवी होती.

लोकप्रियतेसाठी पाडलेलं लेखन, अशी या सगळ्या प्रकाराची बोळवण करणाऱ्यांना थोडक्यात एवढंच सांगता येईल की बाजारासाठी लिहिलेल्या पुस्तकांतही कारागिरीचे दर्जे असतात, आणि ते वाचूनच ठरवावे लागतात. याच लाटेत कॅथरीन जिंक्सची ‘द रिफॉर्म्ड व्हॅम्पायर सपोर्ट ग्रुप’ (२००९) आली. तिच्यातले सिडनीचे व्हॅम्पायर आजारी, रडवे आणि गिनीपिगांवर गुजराण करणारे आहेत. फ्लिन मीनीची ‘ब्लडथर्स्टी’ (२०१०) याच काळातली. उन्हाची अ‍ॅलर्जी असलेला तिचा फिकट नायक मुलींवर छाप पाडण्यासाठी व्हॅम्पायर असल्याची बतावणी करतो, आणि मुलींना आवडणारा पुरुष कसा असतो याविषयीच्या मुलांच्या कल्पना लेखिका त्याच्यावरून तपासून पाहते. या दोन्ही पुस्तकांनी व्हॅम्पायरच्या अंगावरची झळाळी खरवडून काढली. फॅन्टास्कीने ती काही प्रमाणात ठेवली, कारण तिला प्रेमकथा लिहायची होती. २०१२ साली आलेल्या ‘जेसिका रूल्स द डार्क साइड’ या पुढच्या भागात ही झळाळी आणखी वाढली आणि विनोद मागे पडला. माझ्या मते तो भाग पहिल्याच्या तोडीचा नाही.

पंधरा-सोळा वर्षांची मुलं घरात असतील तर आईवडिलांनी आणि शिक्षकांनी हे पुस्तक त्यांच्या हाती जरूर द्यावं, मुलींच्या इतकंच मुलांच्याही. मुलींना त्यात जेसिका भेटेल; पण लूशियसची पत्रं खरी वाचायला हवीत ती मुलांनी, कारण आपल्या मागणीला समोरची व्यक्ती हसू शकते आणि तरी आपण माणूस म्हणून टिकून राहू शकतो, हे शिकवणारी पुस्तकं मुलग्यांसाठी फार थोडी आहेत. शक्य असेल तर आधी ‘ड्रॅक्युला’ वाचून घ्यावी, निदान हार्करच्या दैनंदिनीची पहिली चार प्रकरणं आणि लूसीची पत्रं तरी. मग जेसिका बसथांब्यावर उभी आहे त्या पानापासून सुरुवात करावी.